दुधाच्या पिशवीचा कोपरा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत फिरला. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, नुसती चीर द्या, म्हणजे तो इवलासा तुकडा कचऱ्यात हरवणार नाही, आपण प्रत्येकाने एवढं जरी केलं तरी पृथ्वी वाचेल. खाली जोडलेले हात आणि हिरवी पानं. मी गेली चार-पाच वर्षं पिशवी तशीच कापते, धुते, ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवून वाळवते आणि आठवड्याच्या पिशव्यांची घडी रबर लावून ठेवते, त्यामुळे मेसेजला माझा विरोध अजिबात नाहीये. पण या वेळी "एवढं जरी केलं तरी" या चार शब्दांवर मी अडकले आणि दोन-तीन दिवस ते डोक्यातून जाईनात.

कारण मला २०१८ आठवलं. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये. मंडईत आणि दुकानांमध्ये तेव्हा काय गडबड उडाली होती ते सगळ्यांना आठवत असेल, लोक डबे घेऊन चिकन आणायला जात होते आणि कापडी पिशव्या परत खुंटीवर आल्या होत्या. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीबद्दलही लिहिलं होतं, ते मात्र फार कमी लोकांना आठवतं. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी, तिच्यावर ती परत घेण्याची किंमत छापलेली हवी, ती किंमत ५० पैशांपेक्षा कमी नको, आणि रिकामी पिशवी परत गोळा करायची व्यवस्था दूधवाल्या कंपन्यांनी उभी करायची. २०१९ मध्ये विधिमंडळात ५० पैशांच्या अनामतीची घोषणा परत झाली. आज सकाळी मी पिशवी उजेडात धरून सगळीकडून वाचली. किंमत आहे, तारीख आहे, फॅट किती ते आहे, गायीचं चित्र आहे. परत घेण्याची किंमत कुठेच नाही.

म्हणजे बघा, एकाच कागदावर दोन कामं लिहिली होती, एक भाजीवाल्याच्या आणि माझ्या वाट्याचं, एक डेअरीच्या वाट्याचं. आमच्या वाट्याचं काम दंड होऊन आलं, मग सवय झालं, मग संस्कार झाला, आता तर मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये पण आहे. डेअरीच्या वाट्याचं काम हवेत विरून गेलं आणि कुणी विचारलंही नाही. आणि आता आठ वर्षांनी आपण एकमेकांना कापायची पद्धत शिकवतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की पर्यावरणाच्या बाबतीत जबाबदारी ज्याच्या हातात जितकं आहे तितकी त्याच्याकडून मागायला हवी. सध्या नेमकं उलटं चाललंय, ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे त्याला सगळ्यात जास्त उपदेश, कारण तो समोर असतो, ऐकून घेतो आणि त्याला आधीच थोडं अपराधी वाटत असतं.

आई सांगते, तिच्या लहानपणी कोल्ड्रिंकची बाटली घरी आणायची तर वाण्याकडे डिपॉझिट ठेवावं लागायचं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या परत करायला पोरांमध्ये भांडणं लागायची कारण सुटे पैसे मिळायचे. माझ्याही लहानपणी दुकानाबाहेर लाल-पिवळे क्रेट असायचेच. त्या पोरांना पर्यावरण हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, तरी बाटली परत जायची. व्यवस्थाच तशी लावलेली होती, बाटली ज्याची त्याला परत हवी होती कारण तिच्यात त्याचे पैसे अडकलेले होते. मग प्लास्टिकची बाटली आली, ती परत घ्यायची गरज उरली नाही, आणि गंमत म्हणजे ती रस्त्यावर दिसायला लागल्यावर दोष आला पिणाऱ्याच्या सवयींवर.

हे सगळं आधी अमेरिकेत घडून गेलंय. १९५३ मध्ये तिथल्या व्हरमाँट राज्याने बिअरच्या फेकून द्यायच्या बाटल्यांवर बंदी घातली, कारण लोक त्या कुरणांत भिरकावत होते आणि शेतकरी वैतागले होते. त्याच वर्षी डबे-बाटल्या बनवणाऱ्या आणि पेयं विकणाऱ्या कंपन्यांनी मिळून 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' नावाची संस्था काढली, तिचं म्हणणं असं की प्रश्न बाटलीचा नाही, ती कुठेही टाकणाऱ्या बेशिस्त माणसाचा आहे. व्हरमाँटची बंदी चार वर्षांत संपली. १९७१ मध्ये याच संस्थेची एक जाहिरात टीव्हीवर आली, कचरा पाहून डोळ्यातून एक अश्रू ओघळणारा मूळनिवासी माणूस, आणि खाली संदेश असा की प्रदूषण लोक सुरू करतात, लोकच थांबवू शकतात. ती जाहिरात प्रचंड गाजली. तो अश्रू गाळणारा नट मूळनिवासी नव्हताच, इटालियन आईबापांचा मुलगा होता. पुढे २००४ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमने, म्हणजे जमिनीतून तेल उपसून विकणाऱ्या कंपनीने, प्रत्येकाला आपापला 'कार्बन फुटप्रिंट', म्हणजे आपल्या रोजच्या जगण्यातून किती कार्बन वायू हवेत जातो ते, मोजायचा कॅल्क्युलेटर दिला आणि तो शब्द घरोघरी पोचवला. मी स्वतः असा एक कॅल्क्युलेटर भरलाय. महिन्याला किती युनिट वीज, किती किलोमीटर गाडी, वर्षात किती विमानप्रवास, सगळं विचारतात. वीज कशापासून तयार होते हे ठरवायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं का, हे विचारत नाहीत.

"चॉइस" हा शब्द मला म्हणूनच खटकतो. माझा भाचा इथे पुण्यात धायरीला राहतो आणि हिंजवडीला नोकरी करतो. पहिले सहा महिने तो बसने जायचा, हौसेने, पास काढून. धायरी फाट्यावर बसची वाट बघायची, मध्ये बस बदलायची, दुसरी आली तर आली, आणि पावसाळ्यात स्टॉपला छप्पर नाही म्हणून रेनकोट घालून उभं राहायचं, घरी पोचायला साडेनऊ. सातव्या महिन्यात त्याने बाइक घेतली. त्याला तुम्ही म्हणाल का, की तू पर्यावरणाच्या विरोधातला पर्याय निवडलास? त्याने रोजचे दोन तास आणि आईबरोबरचं जेवण निवडलं. असे लाखो भाचे आहेत, म्हणून तर २०१८ मध्येच पुण्यात नोंदलेल्या गाड्यांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली. डिसेंबर २००६ मध्ये याच शहरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिलीवहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, सुरू झाली होती. पुढे नगर रोडवर झाली, आणि नंतर तीच उखडून टाकली, का तर गाड्यांना जागा पुरत नाही. बसची लेन काढणारा निर्णय भाच्याने घेतला नव्हता. सायकलींचं शहर म्हणून ज्या पुण्याचं नाव होतं तिथे सायकल ट्रॅकवर आज पार्किंग आणि टपऱ्या आहेत, तोही निर्णय कुठल्या सायकलवाल्याने घेतला नव्हता.

पाण्याचं तेच. उन्हाळा आला की शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा, गाडी ओल्या फडक्याने पुसा, पेल्यात अर्धंच पाणी द्या. बरोबर आहे, आम्ही करतो. पण खडकवासल्यातून निघालेल्या पाण्यापैकी ३५ ते ४० टक्के गळतीत जातं असं महापालिका स्वतःच सांगत आलीये, जुन्या लाइन, जुने जोड, बेकायदा कनेक्शन. माझ्या अर्ध्या बादलीची बचत त्या गळक्या जोडातून किती मिनिटांत वाहून जात असेल याचा हिशोब करायला बसलं की रडू येतं. आणि तिकडे वाघोली, बावधनकडच्या मोठमोठ्या सोसायट्या टँकरवर लाखो रुपये घालवतायत, त्यांना पाणी जपून वापरा हे सांगायला जायची माझी तरी हिंमत नाही, ते विकत घेतलेला प्रत्येक लिटर मोजूनच वापरतात.

आणि नदी. गणपतीत आमच्याकडे निर्माल्य वेगळं काढतात, हार, दुर्वा, पत्री सगळं कलशात. शाडूची मूर्ती, विसर्जन घरी बादलीत नाहीतर हौदात. पीओपीची मूर्ती असेल तर पुण्याच्याच एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, शास्त्रज्ञांनी शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पावडर महापालिका फुकट वाटते, ती पाण्यात घालून मूर्ती विरघळवायची. किती सुंदर बदल आहे हा, लोकांनी श्रद्धेच्या गोष्टीत बदल केला, सोपं नसतं ते. पण त्याच दिवशी, त्याच विसर्जन घाटापासून थोड्या अंतरावर, मैलापाणी मुठेत मिसळत असतं, आणि ते वर्षाचे ३६५ दिवस मिसळतं. ते शुद्ध करायला जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ नवे प्रकल्प उभारायचे ठरले, २०१६ च्या सुरुवातीला करार झाला, ९९० कोटी रुपये, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करायची क्षमता, आणि जानेवारी २०२२ पर्यंत काम पुरं व्हायचं होतं. ती मुदत कधीच उलटून गेली. मधल्या काळात नदीकाठ सुशोभित करायचं काम मात्र जोरात सुरू झालं. ज्या म्हाताऱ्या आजींनी आयुष्यभराची रीत मोडून फुलं कलशात टाकली त्यांनी आपला शब्द पाळला. समोरच्याने पाळला नाही, आणि फलक अजूनही आजींसाठीच लागतात, 'नदी आपली माता आहे, तिला स्वच्छ ठेवा'.

आणखी एक गोष्ट आहे जी या चर्चेत कुणी बोलत नाही. 'प्रत्येकाने' करायचं म्हटलं की घराघरात ते एकीनेच करायचं असतं. पिशव्या कोण धुतं? ओला-सुका कोण वेगळा करतं? बाथरूममधली बादली कोण भरून ठेवतं? बहुतेक घरी बायको, आई, नाहीतर कामाला येणाऱ्या ताई. आणि त्यांच्याही नंतर सगळ्यात शेवटी ते काम जाऊन पोचतं कचरावेचक बायकांकडे.

आमच्या बिल्डिंगमध्ये 'स्वच्छ' संस्थेच्या मावशी येतात. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला, अशी रचना देशात क्वचितच कुठे असेल. तर एकदा मी मावशींबरोबर खाली पार्किंगमध्ये बसले होते, त्या निवडत होत्या. हात इतक्या वेगाने चालत होते की मला कळतच नव्हतं, पुठ्ठा इकडे, पाण्याच्या बाटल्या इकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या कारण त्यांना भंगारात भाव चांगला, पत्रा, काच. आणि एक ढीग कशातच जात नव्हता. वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या. मी विचारलं, "मावशी, हे कुठे देता?"

त्यांनी एक पाकीट उलटं केलं, आतली चांदी माझ्यासमोर धरली. "हे कोण घेतंय ताई? बाहेरून प्लास्टिक, आतून चमकी, दोन्ही सुटंच होत नाही. हे मी नुसतं उचलते. याचे मला काहीच भेटत नाही, पण उचलल्याशिवाय निघता पण येत नाही."

मी घरी येऊन वाचायला लागले. २०१६ च्या केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं की ज्याचा पुनर्वापर होत नाही असं अनेक थरांचं प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. म्हणजे मावशींच्या हातातलं पाकीट २०१८ नंतर बाजारात असायलाच नको होतं. पण मार्च २०१८ मध्ये, म्हणजे इकडे राज्यात प्लास्टिकबंदी आली त्याच महिन्यात, त्या वाक्यात दुरुस्ती झाली. आता फक्त ज्याच्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा कुठलाच उपयोग नाही तेवढंच बंद करायचं. सिमेंटच्या भट्टीत जाळता येतं म्हणजे उपयोग आहे, झालं. दोन-चार शब्द वाढवले आणि एक अख्खी बंदी संपली. आम्ही तेव्हा डबे घेऊन चिकन आणत होतो.

एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीवरून गरीब बाईला बोल लावणारे लोक मी पाहिलेत, चांगली शिकलेली माणसं. जिची कमाई रोजची आहे ती रोजचंच विकत घेणार, दोनशेची बाटली एकदम कुठून आणेल? पुडी कशाची बनवायची हे ठरवणारी खोली वेगळी आहे, तिथे ती बाई कधी गेलेली नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर माझंच म्हणणं खोटं पडेल. माझा ऑफिसमधला एक मित्र आहे, तो म्हणतो, "अगं १०० कंपन्या ७१ टक्के प्रदूषण करतात, मी एसी बंद करून काय होणारे?" तो आकडा २०१७ च्या एका अहवालातला आहे, १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंबद्दलचा. पण तो नीट वाचला तर त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भाग हा त्या कंपन्यांनी विकलेला कोळसा, तेल आणि गॅस इतरांनी जाळल्याचा आहे. म्हणजे कंपनी आणि ग्राहक एकाच धुराची दोन टोकं आहेत. "कंपन्याच करतात" म्हणून हात झटकणं मला "प्रत्येकाने एवढं केलं तरी" इतकंच चुकीचं वाटतं. शिवाय आपल्यातही सगळे सारखे नाहीत. कोथरूडहून डेक्कनला एकटा माणूस मोठी एसयूव्ही घेऊन येतो त्याच्याकडे ड्रायव्हर, मेट्रो, रिक्षा, कॅब सगळे पर्याय आहेत, वनाज आणि रामवाडीला जोडणारी मेट्रो डेक्कनवर थांबते. ज्याच्याकडे खरा चॉइस आहे त्याला चॉइसबद्दल जरूर विचारावं. भाच्याला आणि त्याला एकाच तराजूत घालू नये, एवढंच.

आणि माझ्या पिशव्या धुण्याचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे, मावशींना स्वच्छ पिशवीचा भाव मिळतो आणि त्यांचे हात घाण होत नाहीत. पृथ्वी वाचते असं मी म्हणणार नाही. माझी सवय तेवढंच करते, आणि तेवढ्यासाठी मी ती सोडणार नाही.

ज्या गोष्टी खरोखर मोठ्या प्रमाणावर बदलल्या त्या कशा बदलल्या ते आठवून बघा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल मिळायला लागलं. आपल्यापैकी कुणी त्यासाठी शपथ घेतली होती? पंपावर गेलो, जे होतं ते भरलं, मुलांच्या रक्तात जाणारं विष कमी झालं. ओझोनच्या थराचं तेच, १९८७ चा माँट्रियल करार झाला, ओझोनला खाणारा फ्रिजमधला वायू कारखान्यात बदलला, आपण नुसता फ्रिज घेतला. एलईडी बल्ब आधी चैन होती, सरकारने एकगठ्ठा खरेदी सुरू केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला, मग माझ्या आईने सुद्धा घरातले सगळे बदलले. तिचं पर्यावरणप्रेम अचानक वाढलं नव्हतं. चांगली गोष्ट सोपी आणि स्वस्त झाली होती.

मग आपण करायचं काय? माझ्या मते आपण गिऱ्हाईक म्हणून दमलोय आणि नागरिक म्हणून सुस्तावलोय. दुकानात पाकिटामागचं बारीक अक्षर वाचतो, पण वॉर्ड ऑफिसला कुठल्या रस्त्याने जायचं ते माहीत नसतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं महापालिकेच्या बजेटमध्ये सुचवता येतात, आमच्या ४० घरांपैकी तीन घरांना हे माहीत होतं. मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांपेक्षा जास्त काळ या शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते, आणि बसची लेन, नदीकाठ, टेकडीवरचा रस्ता असे मोठमोठे विषय याच काळात चालले होते. ज्या टेबलावर खरा चॉइस होता तिथली आपली खुर्चीच रिकामी होती. तरी २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी, तिच्यावरून न्यायच्या रस्त्याच्या विरोधात, लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, म्हातारे, पोरं, रोज फिरायला जाणारे, आणि त्या रस्त्याचा विषय सगळ्या शहराचा झाला. टेकडीवर आपापल्या पाण्याच्या बाटल्या परत आणणारे लोक वर्षानुवर्षं होतेच. त्या एका दिवशी ते एकत्र आले.

कचरावेचक बायकांना हे आपल्याआधी कळलं होतं. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हाताने निवडायला लागतात म्हणून त्यांनी आम्हाला सांगितलं, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. आमच्याकडे ते आता बऱ्यापैकी पाळलं जातं. पण त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, 'स्वच्छ'ने गोळा झालेले वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या ऑफिसला पाठवून दिले होते, तुमचं आहे, तुम्ही बघा. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं की पॅडबरोबर ते गुंडाळून टाकायची पिशवी कंपनीने द्यावी. काही पाकिटांत ती आज मिळते, काहींत अजून नाही. मला या सगळ्या चर्चेत ऐकलेलं सगळ्यात शहाणं उत्तर ते पार्सल वाटतं. माझ्या हातातली गोष्ट मी नीट करते, आणि तुझी तुझ्या दारात आणून ठेवते.

त्या मेसेजला मी शेवटी ग्रुपवर उत्तर लिहिलं. आधी थोडी कुरबुर झाली, एक काका म्हणाले, "ताई, कंपन्यांशी भांडायला वेळ कुणाकडे आहे, आपण आपलं बघावं." मी म्हटलं, "काका, पिशव्या धुवायला वेळ काढतोच ना आपण, त्यातला महिन्याचा अर्धा तास द्या." मग रविवारी मीटिंगमध्ये ठरलं की दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत का नाही हे विचारणारं एक पत्र डेअरीला आणि एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाईल, सगळ्या घरांच्या सह्यांनी. आणि वेफर्स-बिस्किटांची पाकिटं कुणी कचऱ्यात टाकायची नाहीत, महिनाभर जिन्याखालच्या पोत्यात टाकायची. महिन्याने कंपनीप्रमाणे वेगळी करायची, वजन करायचं आणि पाकिटावर जो पत्ता छापलेला असतो त्या पत्त्यावर पाठवायची. टपालखर्च सोसायटी देणार.

आज अकरावा दिवस आहे आणि पोतं अर्ध्याच्या वर भरलंय, आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं इतकं. काकांनी काल स्वतः येऊन त्यांच्या नातवाची पाकिटं टाकली, धुऊन आणली होती. वजनकाटा मावशी आणणार आहेत, आणि वेगळं करायला पण त्याच बसणार म्हणाल्या, "तुम्हाला दिवस लागेल ताई, माझं तासात होईल." त्या तासाचे पैसे त्यांना द्यायचे, हे मीटिंगमध्ये राहून गेलं होतं, ते आज ग्रुपवर टाकलंय.